मार्चएण्ड साहेबांना अनावृत पत्र

प्रति,
मा. श्री. मार्चएण्ड साहेब,
मुक्काम : देशातली प्रत्येक अकाउंट्स शाखा

विषय : डिमेन्शियावर काम करणाऱ्या तरुण संशोधकांना दरवर्षी वेळेवर घरी पाठवल्याबद्दल आपले आभार मानणेबाबत.

संदर्भ : आपलं ३१ तारखेचं आगमन, दरवर्षीप्रमाणे.

महोदय,

स.न.वि.वि.

पत्र उघड्यावर लिहितेय, राग मानू नये. बंद पाकिटातूनच पाठवणार होते. पण पाकीट एकदा आवक रजिस्टरात चढलं की ते कोणाच्या टेबलावर बसलंय हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. शिवाय आपल्याला उत्तर द्यायची सवय नाही. आपण फक्त येता.

देशात शास्त्रज्ञ आहेत, संचालक आहेत, सचिव आहेत, सल्लागार समित्या तर पैशाला पासरी आहेत. पण डिमेन्शियावरचं कोणतं काम चालू राहायचं आणि कोणत्या माणसानं घरी जायचं, याबाबत शेवटचा शब्द आपला. आपली बदली होत नाही, आपण निवृत्त होत नाही, आपल्यावर कधी चौकशी बसत नाही. फेब्रुवारी उजाडला की भलेभले प्रोफेसर मेंदूचा विचार सोडून प्रिंटरच्या टोनरचा विचार करू लागतात, हे आपलं कर्तृत्व कुठल्या वार्षिक अहवालात छापून येत नाही. म्हटलं, आपणच चार ओळी खरडाव्यात.

तर साहेब, आमचा रोग फार बेशिस्त आहे. त्याला आर्थिक वर्ष कळत नाही. अल्झायमर्समध्ये अमायलॉइड नावाचं प्रथिन मेंदूत साचायला लागतं, ते पहिलं विस्मरण घरच्यांच्या लक्षात यायच्या पंधरा-वीस वर्षं आधी. म्हणजे सत्तरीतली जी बाई गॅस चालू ठेवून देवळात निघून जाते, तिच्या मेंदूतली गडबड पन्नाशीत, मुलीच्या लग्नाच्या धावपळीत कधीतरी सुरू झालेली असते. ही सुरुवात पकडायची तर तीच माणसं पुन्हापुन्हा तपासावी लागतात. दोन वर्षांनी, चार वर्षांनी, दहा वर्षांनी, त्याच घरी जाऊन, त्याच खाटेशेजारी बसून.

आपला प्रकल्प असतो तीन वर्षांचा. पहिलं वर्ष एथिक्स कमिटी आणि माणसं नेमण्यात जातं. दुसऱ्यात पोरं शिकून तयार होतात. तिसऱ्यात ती एक्स्टेन्शनचा अर्ज लिहितात. रोगानं एप्रिलात सुरू व्हावं आणि मार्चअखेर आटोपावं, असं परिपत्रक त्याला अजून कोणी पाठवलेलं नाही. ते आपल्या सहीनं निघालं तर आमची मोठीच सोय होईल.

आकडे आपल्याला आवडतात, म्हणून देते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या लासी-डॅड या देशव्यापी डिमेन्शिया पाहणीनुसार भारतात साठीपुढच्या लोकांत ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं डिमेन्शियानं ग्रासलेली आहेत. बायकांत प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त, खेड्यांत शहरांपेक्षा जास्त. लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२४ मध्ये डिमेन्शियाला हातभार लावणारे, पण टाळता येण्याजोगे १४ घटक मोजले. शिक्षण न मिळणं, कान जाणं, रक्तदाब, मधुमेह, हवेतलं प्रदूषण वगैरे. हे सगळे घटक आवरता आले तर जवळपास ४५ टक्के डिमेन्शिया टाळता किंवा लांबवता येईल, असा त्यांचा हिशेब. यादी वाचली तर आपल्याच तालुक्याचं वर्णन वाटतं. पण आपल्या माणसांत यातला कोणता घटक किती जोर धरतो, हे लंडनमध्ये बसून कळत नाही. त्याला इथल्या ओसरीवर बसणारं माणूस लागतं.

आणि नेमकं तेच माणूस आपण दर ३१ मार्चला मोकळं करता.

एकीचं सांगते. नाव घेत नाही, कारण ती आता दुसरीकडे नोकरीला आहे आणि सुखात आहे. धुळ्याकडची मुलगी. मानसशास्त्रात एम. ए., घरात अहिराणी बोलणारी. खेड्यात जाऊन म्हाताऱ्या माणसांच्या स्मरणशक्तीच्या चाचण्या घ्यायचं काम तिच्याकडे होतं. एका घरी मी तिच्यासोबत गेले होते. तिनं आजींना तीन शब्द सांगितले : आंबा, खुर्ची, नाणं. मग इकडचं तिकडचं विचारलं. सकाळ आहे की संध्याकाळ, शेतात सध्या काय उभं आहे, मागचा सण कोणता झाला. थोड्या वेळानं ते तीन शब्द परत विचारले. आजी म्हणाल्या, आंबा. मग खुर्ची. आणि तिसऱ्याला गोड हसून म्हणाल्या, "तू चहा लेशी का माय?"

कोणीही हसून पुढे गेलं असतं आणि कागदावर तीनपैकी दोन लिहून मोकळं झालं असतं. ही हसली, चहाला हो म्हणाली, आणि चहाच्या निमित्तानं उठून सुनेपाशी चुलीजवळ जाऊन बसली. घरचा हिशेब पूर्वी कोण ठेवायचं? आता? सून आधी "वय झालं की होतंच" म्हणाली. मग भांडं विसळता विसळता म्हणाली की वर्षभर झालं, सासूबाई दूधवाल्याला एकाच दिवशी दोनदा पैसे देतात आणि घेतलं नाही म्हणून त्याच्याशीच भांडतात. तो चहाचा प्रश्न म्हणजे पाहुणचार नव्हता, झाकपाक होती. विसरलेलं माणूस असंच सफाईनं झाकतं. आजी शाळेत गेलेल्या नाहीत म्हणून अडतायत, की ऐकू येत नाही म्हणून, की नवरा गेल्याचं दुःख बसलंय म्हणून, की खरोखर स्मृतीच गळतेय, हे वेगळं करता येणं म्हणजे त्या मुलीचं कसब. ते यायला तिला दोन वर्षं लागली. हे कसब सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर एल-वन, म्हणजे सर्वांत कमी भावानं मिळत नाही. मी शोधून पाहिलेलं नाही, पण खात्री आहे.

तिचा पगार कागदावर चोख होता. जेआरएफला, म्हणजे ज्युनियर रिसर्च फेलोला, १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७ हजार. कागदाबद्दल माझी तक्रार नाही. पैसे मात्र हप्ता आला की येत. मधले महिने ती चाकणच्या कारखान्यात लागलेल्या धाकट्या भावाकडून उसने घ्यायची. पीएच.डी. करणारी थोरली बहीण आयटीआय केलेल्या भावापुढे हात पसरते, हे दृश्य आपण कधी पाहिलंय का? आपण ते घडवता, म्हणून विचारलं. तिच्याच पिढीतली किती मुलं बार्टीच्या फेलोशिपसाठी आझाद मैदानात जाऊन बसली होती, तेही आठवत असेल. तिनं मैदान गाठलं नाही. ती फक्त म्हणाली, "मॅडम, मार्चनंतर काय?"

मार्चनंतर काय, ते आपल्याला ठाऊकच आहे. एक्स्टेन्शनचं पत्र "प्रोसेसमध्ये" होतं. ऑर्डर ३१ मार्चपर्यंतची. मग तांत्रिक खंड, मग "नवीन जाहिरात काढा", मग पुन्हा मुलाखत, त्याच पदासाठी, त्याच मुलीची. ती मुलाखतीला आली नाही. हिंजवडीत औषधकंपन्यांचा डेटा तपासून देणाऱ्या एका फर्ममध्ये लागली. तिथे पगार दर महिन्याच्या १ तारखेला होतो म्हणे. काय चैन!

पुढच्या फेरीला दुसरी मुलगी गेली. हुशार, पण पुण्याची, प्रमाण मराठीत बोलणारी. आजींचे गुण घसरले. आता सांगा साहेब, आजींचा मेंदू घसरला, की फक्त विचारणारी बदलली? हे खात्रीनं सांगणारं सॉफ्टवेअर बाजारात नाही. आपण एका माणसाची ऑर्डर संपवलीत आणि तिनं आधी गोळा केलेल्या प्रत्येक कागदाची किंमत निम्मी केलीत. पण ऑडिटमध्ये हा तोटा दिसत नाही. तिथे दिसतं ते असं : मॅनपॉवर हेडखाली बचत.

बचतीवरून आठवलं. आपल्या फेब्रुवारीतल्या दानशूरपणाबद्दल बोललंच पाहिजे. वर्षभर "फंड रिलीज व्हायचाय" ऐकून कान किटले की महाशिवरात्रीच्या आसपास पैसे येतात, आणि ३१ मार्चच्या आत संपवायचे असतात. नव्या पद्धतीत खातं शून्य शिलकीचं. जे खर्चलं नाही ते जिथून आलं तिथे परत. यूसी, म्हणजे जीएफआर १२-अ नमुन्यातला वापराचा दाखला, गेला नाही तर पुढचा हप्ता अडतो. म्हणून मग खरेदी. मेंदूचे बारकावे टिपणारी पोरगी मॅनपॉवरच्या हेडखाली येते, तिथे पैसे नाहीत. इक्विपमेंटच्या हेडखाली आहेत. एका हेडचे दुसऱ्यात वळवायचे तर रीअप्रोप्रिएशनची फाईल, आणि ती फाईल आपण आल्यावरच परतते. तेव्हा सेंट्रीफ्यूज घ्या. खुर्च्या घ्या. ज्या प्रयोगशाळेत बसायला माणूस उरलेलं नाही तिथे खुर्च्या मात्र भरपूर आहेत. रक्ताचे नमुने उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये जपून ठेवलेत, पण फ्रीझरची एएमसी, म्हणजे देखभालीचं वार्षिक कंत्राट, किरकोळ खर्चाच्या कंटिंजन्सीतून, आणि कंटिंजन्सी डिसेंबरातच संपते. वीज गेली की आम्ही देवाचं नाव घेतो. देव कोणत्याच हेडखाली येत नाही, म्हणून तेवढा परवडतो.

सरकार काहीच करत नाही असं मी म्हणणार नाही, नाहीतर आपण मला एकांगी म्हणाल. २०२२ च्या जुलैत वैज्ञानिक उपकरणांवरचा जीएसटी ५ वरून १८ टक्क्यांवर गेला, हे केलंच ना? मग संशोधनाच्या अनुदानांवरच कर मागणाऱ्या नोटिसा नामांकित संस्थांना गेल्या, आणि २०२४ च्या सप्टेंबरात जीएसटी परिषदेनं त्या अनुदानांना सूट दिली. २०२५ च्या जूनमध्ये संस्थाप्रमुखांना जेमबाहेरून उपकरणं घ्यायची मोकळीक मिळाली. आधी पायात काटा मोडायचा आणि मग तो काढल्याबद्दल सत्कार घ्यायचा, यालाही कौशल्य लागतं. पण बघा, हे सगळे काटे यंत्रांच्या वाटेतले. माणसांच्या वाटेतला काटा, म्हणजे आपण, अजून तिथेच आहात.

माणसाला बिनपगारी राबवायची आपली परंपरा मात्र थेट मूळपुरुषापर्यंत जाते, हे मान्य. डॉ. अलॉइस अल्झायमर १९०३ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ क्रेपेलिन यांच्यामागून म्युनिकला गेले आणि तिथल्या मनोरुग्णालयात सुरुवातीची काही वर्षं त्यांनी पगार न घेता काम केलं. त्यांना ते जमलं, कारण त्यांची दिवंगत पत्नी सेसिली ही एका हिरेव्यापाऱ्याची विधवा होती आणि मागे चांगली इस्टेट ठेवून गेली होती. त्या पैशाच्या जोरावर त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली डोळे शिणवले आणि ३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्युबिंगेनच्या सभेत ऑगस्टे डेटर या आपल्या रुग्ण बाईच्या मेंदूची कहाणी मांडली. म्हणजे या रोगावरची पहिली फेलोशिप बायकोनं दिलेली आहे. एकशेवीस वर्षं होत आली, आपलं धोरण तसूभर हललेलं नाही. फक्त आता जाहिरातीत "पात्रता : हिऱ्याच्या व्यापाऱ्याशी सोयरीक असल्यास प्राधान्य" एवढं स्पष्ट लिहावं. पोरांचा वेळ वाचेल.

आता वयाचं. राष्ट्रीय पोस्ट-डॉक्टरल फेलोशिपला सर्वसाधारण उमेदवाराचं वय ३५ च्या आत हवं, आणि ती मिळते दोन वर्षं. ज्या विषयाचा रुग्ण साठीच्या पुढे सुरू होतो, त्या विषयाचा संशोधक पस्तिशीत बाद. मुलगी असेल तर बघायलाच नको. पीएच.डी. संपते तेव्हा लग्न, मग मूल, मग घरात सासरे विसरायला लागलेले, त्यांच्यामागे धावायला तीच. म्हणजे डिमेन्शिया म्हणजे काय हे जिला घरात चोवीस तास शिकायला मिळालं, ती परत येते तेव्हा फॉर्मवरचा जन्मतारखेचा रकाना तिला आत येऊ देत नाही. बायकांना पाच वर्षांची सूट असते, मी नाकारत नाही. सासऱ्यांनी मात्र त्या मुदतीत आटपायला हवं.

आपल्या तडाख्यातून वाचून जे काम झालं, त्याची जंत्री मी मुद्दाम देतेय. आपल्याला आपले शत्रू ठाऊक असलेले बरे.

हरियाणातल्या बल्लभगडला भारत आणि अमेरिकेनं मिळून पाहणी केली. न शिकलेल्या माणसाचीही स्मृती तपासता येईल अशी हिंदी चाचणी तिच्यातून १९९५ मध्ये पुढे आली. मघाचे आंबा, खुर्ची, नाणं तिथलेच. त्या चाचणीत रुग्णाकडून "न यह, न वह" असं म्हणवून घेतात, आणि हे वाक्य मला आपल्या कार्यालयात रोज फुकट ऐकायला मिळतं. त्याच पाहणीतून २००१ मध्ये कळलं की तिथल्या खेड्यांत अल्झायमर्सचे नवे रुग्ण जगाच्या मानानं फारच कमी दिसतात. का? हा प्रश्न एखाद्या तरुण संशोधकाचं अख्खं आयुष्य खाऊन टाकील इतका मोठा आहे. आयुष्य द्यायला पोरं तयार आहेत. आपण दोन वर्षं देता.

१९९८ मध्ये कोचीत १०/६६ नावाचा गट उभा राहिला. डिमेन्शियाचे ६६ टक्के रुग्ण गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत, आणि त्यांच्यावरचं संशोधन १० टक्क्यांहून कमी, म्हणून हे नाव. आपल्यासाठी तो गौरवाचा आकडा असावा. गोव्यात 'संगात' संस्थेच्या आणि गोवा मेडिकल कॉलेजच्या डॉ. अमित डायस यांच्या चमूनं तिसवाडी आणि बार्देशात ८१ घरांवर एक प्रयोग केला. स्थानिक साध्या माणसांना शिकवून घरी पाठवायचं, रुग्ण सांभाळणाऱ्याला समजावायचं, त्याचं ऐकून घ्यायचं. २००८ मध्ये निष्कर्ष छापून आले : सांभाळणाऱ्यांचा मनस्ताप खरोखर कमी झाला. ना महागडं औषध, ना यंत्र. निव्वळ शिकवलेलं माणूस, आणि तेच माणूस त्याच घरी परत परत. म्हणजे आपण दरवर्षी मोडता तीच गोष्ट.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायांची नोंद सुरू केली. त्यांच्या पोटची मुलं आता तिशीत आहेत आणि अजून तपासली जातात. तो अभ्यास डिमेन्शियाचा नाही, पण मराठी खेड्यांत तीस वर्षं माणसं धरून ठेवता येतात, पाहुण्यानं परत यावं तसं संशोधकानं परत जाता येतं, याचा तो जिवंत पुरावा आहे. पैसा मुख्यतः कोणाचा? लंडनच्या वेलकम ट्रस्टचा. ८८ लाखांचा आकडा देणाऱ्या लासी-डॅडला पैसा कोणाचा? अमेरिकेच्या राष्ट्रीय वार्धक्य संस्थेचा. तिची थोरली बहीण लासी, मुंबईत देवनारच्या लोकसंख्याविज्ञान संस्थेतून चालते. तिलाही त्या अमेरिकन संस्थेचा आधार आहेच. बंगळुरूत मेंदू संशोधन केंद्र उभं राहिलं आणि कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपुरात दहा हजार माणसांना वर्षानुवर्षं तपासायचं ठरलं, ते क्रिस आणि सुधा गोपालकृष्णन यांच्या प्रतीक्षा ट्रस्टनं दिलेल्या २२५ कोटींच्या बळावर.

परदेशी ट्रस्ट, परदेशी सरकार आणि एक देशी उद्योजक. यादी पुन्हा वाचा. यातलं एकही काम निव्वळ आपल्या तारखेवर जगलेलं नाही, म्हणूनच ते जगलं.

परक्याच्या ओसरीवर झोपलं की उठवतील तेव्हा उठावं लागतं. २०२५ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या एनआयएचनं, म्हणजे त्या वार्धक्य संस्थेच्या पालक संस्थेनं, तिकडच्या संस्थांमार्फत परदेशी संस्थांना जोडून अनुदान द्यायची जुनी पद्धत थांबवली. तिकडचा एक निर्णय, आणि इकडे कुठल्यातरी जिल्ह्यातली फील्डवर्करची पोरं एकमेकांना फोन करू लागतात. सहकार्य म्हणतात ते याला. आपल्याकडे आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची परवानगी मिळवा, एमओयूवर दोन्हीकडच्या वकिलांचं समाधान करा, नमुना परदेशी जाणार का याचा खुलासा द्या. हे सगळं हवंच. आपल्या माणसांचं रक्त कोणीही उचलून नेऊ नये. पण एवढी तपासणी करून झाल्यावर बरोबरीनं बसायला आपल्याकडचा माणूस तरी खुर्चीत हवा ना? तो हिंजवडीत आहे. मग आपली आजी, आपलं रक्त, आपली अहिराणी, आणि शोधनिबंधात पहिलं नाव तिकडच्याचं. त्याचा तरी काय दोष? तो पाच वर्षं नोकरीत टिकला.

टिकवायची युक्ती काही गुप्त नाही. अमेरिकेत के-९९ नावाचं अनुदान आहे. आधी जाणत्याच्या हाताखाली, मग स्वतःच्या पायावर, मिळून पाच वर्षांपर्यंत. आणि दुसऱ्या टप्प्यातला पैसा माणसाबरोबर नव्या संस्थेत जातो. आपल्याकडेही जैवतंत्रज्ञान विभाग आणि वेलकम मिळून २००८ पासून इंडिया अलायन्सच्या फेलोशिप देतात, त्यात वयाची अट नाही. २०२५ च्या ऑक्टोबरात केंद्रानं त्याच्या तिसऱ्या टप्प्याला १५०० कोटी मंजूर केले. १००० आपले, ५०० वेलकमचे. उत्तम काम, मनापासून म्हणते. पण ते सगळ्या जैववैद्यकाला मिळून. कर्करोग, क्षयरोग, हृदयरोग अशी धडधाकट भावंडं ताटावर बसलेली असताना आमच्या वाट्याला काय येतं, ते पाहायला भिंग लागतं. आणि नव्या राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाच्या ५० हजार कोटींचं म्हणाल, तर त्यातले ३६ हजार कोटी सरकारबाहेरून येणार आहेत. येणार आहेत, हे आम्हाला पाठ आहे. चेक आल्यावर यूसी लगेच पाठवू.

मोठमोठ्या सभांनाही आपण पुरून उरलात. २०१३ च्या डिसेंबरात लंडनला जी-८ देशांनी डिमेन्शिया परिषद भरवून २०२५ पर्यंत उपाय शोधायचा विडा उचलला. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ मध्ये कृती आराखडा केला : २०२५ पर्यंत तीनचतुर्थांश देशांत राष्ट्रीय डिमेन्शिया धोरण, आणि संशोधन दुप्पट. २०२५ आलं आणि गेलं. रोगाचा वेग थोडा कमी करणारी एक-दोन महागडी औषधं आली. भारताचं डिमेन्शियासाठी वेगळं राष्ट्रीय धोरण काही आलं नाही. पण ते वर्ष सरायच्या आतच जागतिक आरोग्य सभेनं आराखड्याची मुदत २०३१ पर्यंत वाढवून टाकली. सहा वर्षांचं एक्स्टेन्शन, एका बैठकीत, तांत्रिक खंडही न पडता! आमच्या पोरीला कोणाच्या ओळखीनं अर्ज करायचा होता, तेवढं कळवा.

इथे एखादा विनोदी लेखक म्हणेल की साहेब, आपल्यालाच डिमेन्शिया झालाय, आपण सगळं विसरता. मी तसं म्हणणार नाही. तो रुग्णांचा अपमान होईल. डिमेन्शियाचं माणूस तारीख विसरतं, पण माया पुष्कळ काळ विसरत नाही. आपलं बरोबर उलट आहे. तारीख आपण आजवर एकदाही चुकलेला नाहीत.

तेव्हा आभार मानून झाल्यावर, रीतीप्रमाणे काही मागण्या :

१. डिमेन्शियाच्या दीर्घ अभ्यासांना दहा वर्षांची सलग मंजुरी द्यावी आणि उरलेला पैसा ३१ मार्चला परत न ओढता पुढच्या वर्षात जाऊ द्यावा. रोग थांबत नाही, खातंही थांबू नये.

२. पैसा प्रकल्पापेक्षा माणसाच्या नावावर द्यावा. किमान पाच वर्षं. तो संस्था बदलेल तर पैसा त्याच्यामागे जावा. फील्डवर चाचण्या घेणाऱ्या मुलामुलींना "प्रोजेक्ट स्टाफ" म्हणून न वापरता पायऱ्या असलेली, वर चढता येईल अशी नोकरी द्यावी.

३. वयाची अट काढून अनुभवाची अट घालावी. घरच्या म्हाताऱ्यांची सेवा केलेली वर्षं वाया गेलेली म्हणून मोजू नयेत.

४. मराठी, कोकणी, अहिराणी, वऱ्हाडी, गोंडी अशा भाषांत आणि बोलींत चाचण्या तयार करणारी आणि त्या घ्यायला शिकवणारी चार-पाच केंद्रं एकमेकांना जोडून उभी करावीत. तिथला डेटा कपाटात न ठेवता दुसऱ्या तरुणांना परवानगीनं वापरू द्यावा. सहकार्य आधी पुणे आणि पणजी यांच्यात होऊ द्या, बोस्टनचं नंतर बघू.

५. फेलोशिप महिन्याच्या १ तारखेला द्यावी. ही मागणी क्रांतिकारक वाटत असेल तर हिंजवडीतल्या फर्मकडे चौकशी करावी. त्यांना ती जमते.

कळावे, लोभ कमी झाला तरी चालेल.

आपली आज्ञाधारक,
एक प्रमुख संशोधक
(निवृत्तीस थोडी वर्षं बाकी, जागेवर कोण येणार, विचारू नये)

प्रत माहितीस्तव :
१. अर्थखातं. आपल्या नावाआड बसून सही न करणाऱ्या सर्वांना ही प्रत दाखवावी. तारीख बिचारी स्वतःहून कोणाला काढून टाकत नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे आणि मलाही.
२. विज्ञानखातं. रोगाला पाठवायच्या परिपत्रकाचा मसुदा मागवल्यास तयार आहे.
३. आमची अकाउंट्स शाखा. या पत्राचा खर्च कोणत्या हेडखाली टाकायचा ते सांगावं. इक्विपमेंट नको, आता खुर्च्या ठेवायला जागा नाही. ३१ मार्चनंतरही उघडं राहील असं मॅनपॉवरचं एखादं हेड असेल तर त्यात टाका. नसेल तर ते उघडायचा अर्ज हाच समजावा.